सरड्याचं कुंपण

देवगिरीचा किल्ला म्हणजे जमिनीवरचं बेटच. डोंगररांगेपासून सुटी पडलेली शंकूच्या आकाराची टेकडी, उंची सुमारे २०० मीटर. तिचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून सुमारे ५० मीटरांचा सरळसोट कडा केलेला, आणि कड्याच्या पायथ्याशी खंदक. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात यादवांनी इथे राजधानी वसवली, पुढच्या राजवटींनी तटबंदी वाढवली, आणि हा सगळा खटाटोप बाहेरच्याला आत येता येऊ नये म्हणून होता. त्याच तासलेल्या कातळावरून पाली मात्र खुशाल वर-खाली करतात. सैन्याचा जिथे निभाव लागत नसे, तिथे बोटभर पालीचा संसार चालतो.

हे तिला कसं जमतं, ते पाहायला किल्ल्यावर जावं लागत नाही. रात्री खिडकीच्या काचेवर पाल बसली की आतल्या बाजूने तिची पावलं बघावीत. बोटाच्या टोकाशी मांसल गादी दिसते आणि गादीवर आडव्या पट्ट्यांच्या दोन रांगा, मधून दुभंगलेल्या. पाय उचलताना ती बोटाचं टोक आधी वरच्या बाजूला वळवते, चिकटपट्टी सोलावी तशी बोट सोडवते आणि मगच पाऊल पुढे टाकते. त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. आग्नेय आशियातल्या ‘टोके’ या मोठ्या पालीच्या एका पावलावर असे सुमारे पाच लाख केस असतात आणि प्रत्येक केसाचं टोक शेकडो सूक्ष्म चपट्या अग्रांत फुटलेलं असतं. अमेरिकी शास्त्रज्ञ केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २००२ या काळात दाखवून दिलं, की पाल चिकटते ती डिंकासारख्या स्रावामुळे नव्हे आणि हवेच्या पोकळीमुळेही नव्हे. केसांची अग्रं पृष्ठभागाच्या इतकी जवळ जातात की रेणूरेणूंमधलं क्षीण आकर्षण, म्हणजे व्हान डर वाल्स बल, तिचा भार पेलतं.

खंदक आणि कडा पालीला अडवत नसतील, तर तिला अडवतं काय? ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असं आपण माणसांबद्दल बोलताना म्हणतो. सरड्यांच्या बाबतीत त्या कुंपणाचा शोध घेतला, तर ते नेहमीच भिंतीचं किंवा पाण्याचं निघत नाही. ते उन्हाचं, गवताच्या उंचीचं किंवा खाली आडोसा घेता येईल अशा दगडांचंही असतं. उष्ण कटिबंधातल्या बेटांवरच्या पाली-सरड्यांनी हे कुंपण जीवशास्त्राला उलगडून दाखवलं. त्यांतली काही बेटं समुद्रात आहेत, काही आपल्या सातारा-रत्नागिरीत, कोरड्या जमिनीवर.

एकाच चुलीवरचे खडक

देवगिरीचा कडा, वेरूळचं कैलास लेणं आणि अजिंठ्याची घळ हे सारं एकाच काळ्या पाषाणाचं, बेसॉल्टचं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि दख्खनचं पठार तयार झालं. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर हा खडक पसरलेला आहे. ज्या तप्त स्थानावरून हा लाव्हा आला, ते पृथ्वीच्या पोटात जवळपास आपल्या जागी राहिलं आणि भारताचा भूपट्ट त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला. चुलीवरून तवा पुढे ओढत न्यावा आणि आच लागेल तिथे तिथे डाग पडत जावा, तसा या प्रवासाचा माग समुद्रतळावर उमटला आहे. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ज्यावर उभे आहेत ते उंचवटे त्यातूनच झाले. सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी त्याच चुलीतून मॉरिशस वर आलं, त्यानंतर रियुनियन. रियुनियनवरचा ज्वालामुखी अजूनही धगधगतो आहे.

म्हणजे वेरूळचा दगड आणि मॉरिशसचा काळा दगड एकाच चुलीतले, मधे पावणेसहा कोटी वर्षांचं अंतर. पण या दोन ठिकाणच्या सरड्यांची कथा उलट्या टोकांनी सुरू होते. दख्खन एका मोठ्या भूभागाचा तुकडा होता, त्याच्या आसपास जीवसृष्टी आधीपासून नांदत होती. मॉरिशस मात्र समुद्रातून उघडंबोडकं वर आलं. तिथल्या प्रत्येक पालीचा आणि सापसुरळीचा पूर्वज कधीतरी खारं पाणी ओलांडून आलेला आहे.

ओंडक्यावरचे प्रवासी

सरडा समुद्र ओलांडतो, यावर सहजी विश्वास बसत नाही. त्याचा पुरावा १९९५ मध्ये डोळ्यांदेखत मिळाला. त्या सप्टेंबरमध्ये कॅरिबियन समुद्रात लुईस आणि मॅरिलिन ही दोन चक्रीवादळं पाठोपाठ येऊन गेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला ओंडक्यांचा आणि मुळासकट उपटलेल्या झाडांचा एक मोठा तरंगता ढीग लागला आणि त्यावर किमान १५ हिरवे इग्वाना बसलेले होते. त्या बेटावर तोवर ही जात नव्हती. मच्छीमारांनी त्यांना किनाऱ्यावर उतरताना पाहिलं. काही वर्षांनंतरही त्यांतले काही जिवंत होते. वसाहत कशी सुरू होते, ते एवढ्या स्वच्छपणे क्वचितच कुणाला पाहायला मिळालं असेल.

याहून अचाट प्रवास फिजीच्या इग्वानांचा. त्यांचे जवळचे नातेवाईक उत्तर अमेरिकेच्या वाळवंटात राहतात. मधे सुमारे आठ हजार किलोमीटरांचा प्रशांत महासागर. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाचा निष्कर्ष असा, की कोट्यवधी वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज तरंगत्या झाडोऱ्यावरून तिथवर पोहोचले.

या बाबतीत उंदरा-घुशींपेक्षा सरडे सरस ठरतात, याला कारणं आहेत. थंड रक्ताच्या प्राण्याला तेवढ्याच आकाराच्या सस्तन प्राण्याच्या मानाने अन्न फारच कमी लागतं. खवल्यांच्या कातडीमुळे अंगातलं पाणी टिकतं. बऱ्याच पाली कडक कवचाची अंडी सालीखाली किंवा ढोलीत चिकटवतात, त्यामुळे ओंडका वाहत गेला की आई नसली तरी तिची पुढची पिढी प्रवासाला निघते. प्रशांत महासागरातल्या बेटांवर आणि अंदमान-निकोबारमध्येही आढळणाऱ्या लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिस या पालीने तर नराचीही गरज ठेवलेली नाही. मादी नराशिवाय अंडी घालते आणि त्यांतून माद्याच निघतात. अशी एक पाल बेटाला लागली तरी वस्ती उभी राहते.

आपल्या अंदमानात हिरवीगार, अंगावर तांबड्या ठिपक्यांची एक पाल भरदिवसा झाडांवर आणि घरांच्या भिंतींवर हिंडते. तिचा वंश फेल्सुमा. या वंशाच्या डझनावारी जाती मादागास्कर आणि त्याच्या भोवतालच्या बेटांवर आहेत आणि एवढी एकच पाच हजार किलोमीटरांहून अधिक दूर, बंगालच्या उपसागरात. एडवर्ड ब्लिथ यांनी १८६१ मध्ये तिची नोंद केली.

वादळ चाळणी लावतं

पोहोचल्यावर बेट त्यांना घडवायला घेतं. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये बेटांवरच्या जीवसृष्टीचा सिद्धान्त मांडला. बेट जितकं मोठं आणि मुख्य भूमीला जितकं जवळ, तितक्या जाती तिथे अधिक टिकतात, हा त्याचा गाभा. या सिद्धान्तातून जातींची संख्या कळते, त्यांचे आकार कसे घडतात ते कॅरिबियनमधल्या अॅनोलिस सरड्यांनी दाखवलं. क्युबा, हिस्पॅनिओला, जमैका आणि प्वेर्तो रिको या चार मोठ्या बेटांवर गवतात राहणारा बारीक, खोडावर राहणारा लांब पायांचा, काटक्यांवर राहणारा आखूड पायांचा असे ठरावीक बांध्यांचे अॅनोलिस आढळतात. दोन बेटांवरचे सारख्या बांध्याचे सरडे सख्खे नातेवाईक असतीलच असं नाही. जागा सारखी मिळाली म्हणून घडणही सारखी झाली.

हे घडणं किती वेगाने होतं, ते २०१७ मध्ये योगायोगाने समजलं. कॉलिन डॉनिह्यू आणि सहकारी टर्क्स अँड केकॉस बेटांवरच्या अॅनोलिस स्क्रिप्टस या छोट्या सरड्याची मापं घेऊन परतले आणि लगोलग इर्मा व मारिया ही चक्रीवादळं त्या बेटांवरून गेली. काही आठवड्यांनी त्यांनी पुन्हा मापं घेतली. वाचलेल्या सरड्यांच्या बोटांच्या गाद्या सरासरीने मोठ्या होत्या आणि पुढचे पाय लांब होते, मागच्या पायांच्या मांड्या मात्र आखूड होत्या. वादळात सरडा कसा धरून राहतो ते बघायला त्यांनी पाचोळा उडवण्याच्या यंत्राचा वारा सोडला. सरडा पुढच्या पायांनी काठीला घट्ट धरून राहिला आणि मागचं शरीर वाऱ्यात निशाणासारखं फडफडू लागलं. लांब मांड्यांवर वारा जास्त लागतो, म्हणून लांब मांड्यांचे सरडे उडून गेले. बोटाखालची ती गादी समुद्राच्या वादळात जीव वाचवायला उपयोगी पडली.

मॉरिशसची रंगीत फुलं

मॉरिशसशी मराठी माणसाचं जुनं नातं आहे. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची माणसं होती. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरली, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. त्यांच्या वंशजांची मराठी तिथे टिकून आहे आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

या बेटावर मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. वानर-खारींसारखे झाडावर हिंडणारे प्राणी नव्हते, फुलांकडे जाणाऱ्या कीटकांचे कित्येक गटही पोहोचले नव्हते. त्या रिकाम्या जागा पालींनी घेतल्या. इथल्या फेल्सुमा पाली दिवसा हिंडतात, किडे खातात आणि फुलांतला मधही चाटतात. ट्रोकेशिया वंशातल्या झाडांना घंटेसारखी खाली लोंबणारी फुलं येतात. त्यांतल्या ट्रोकेशिया बुटोनियाना या जातीचं फूल मॉरिशसचं राष्ट्रीय फूल आहे. या फुलांतला मध पाण्यासारखा नितळ नसतो, तांबूस-पिवळा असतो. डेनिस हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम फुलांत रंगीत आणि बिनरंगी मध ठेवून पाहिला, तेव्हा पालींनी रंगीत मधाला पसंती दिली. रंग म्हणजे इथे काहीतरी आहे, ही खूण पालीला लांबूनच पटते.

त्याच संशोधकांचं आणखी एक निरीक्षण यापेक्षा बारीक आहे. ट्रोकेशियाचं झाड केवड्याच्या जातीच्या दाट झुडपांजवळ असलं, तर त्याच्या फुलांवर पाली अधिक येतात. केवड्याच्या काटेरी पात्यांच्या बेचक्यांत पालींना लपायला जागा मिळते, कारण वर मॉरिशसचा केस्ट्रेल ससाणा घिरट्या घालत असतो आणि पाल हा त्याचा मुख्य आहार. १९७४ मध्ये निसर्गात या ससाण्याचे अवघे चार पक्षी उरल्याचं ठाऊक होतं, नंतरच्या प्रजनन प्रकल्पाने तो वाचला. झाडाला बी धरायला पाल हवी, पालीला फुलापर्यंत यायला जवळ केवडा हवा, आणि पाल केवड्यात राहते ती ससाण्याच्या धाकाने. एका फुलाचं भवितव्य असं आकाशातल्या पक्ष्यापर्यंत जोडलेलं आहे. शिकारी पक्ष्याचा हा धाक पुढे साताऱ्यातही भेटणार आहे.

पाण्याविना बेटं

बेटाला पाणी लागतंच असं नाही. साताऱ्याजवळ सज्जनगड-ठोसेघरच्या वाटेने वर गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच. वर सपाट कातळ, त्यावर मातीचा पातळ थर आणि आखूड गवत. पावसाळ्यात धुकं आणि रानफुलं, उन्हाळ्यात तापलेला दगड. कडेला दऱ्या, दऱ्यांत झाडी. उघड्या कातळावर जगायला सरावलेल्या प्राण्यासाठी दरीतलं सावलीचं रान म्हणजे समुद्रच. ही पठारं खरोखरच बेटांसारखी एकमेकांपासून तुटलेली आहेत.

२००८ मध्ये वरद गिरी आणि आरन बाउर यांनी चाळकेवाडीच्या पठारावरून एक नवी पाल नोंदवली, हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस. ही भिंतीवर चढणाऱ्यांतली नव्हे. ती जमिनीवरच राहते, दिवसा सुट्या दगडांखाली दडते आणि रात्री बाहेर पडते. याच गोतावळ्यातली दुसरी पाल कोकणात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावाजवळून ग्रँडिसन आणि सोमण यांनी १९६३ मध्ये तिची नोंद केली. पाठीवर पांढरे आडवे पट्टे असलेली ही हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, सापडते. तिसरी, हेमिडॅक्टिलस ग्रॅसिलिस, द्वीपकल्पाच्या कोरड्या मुलखात दूरवर पसरलेली आहे. एकीचा मुलूख अफाट, एक घाटमाथ्यावरच्या मूठभर पठारांपुरती, एक कोकणातल्या सड्यांपुरती. घाटातली झाडी आणि पाऊस यांनी मधे कुंपण घातलं आणि कुंपणाच्या दोन्ही अंगांना वेगळ्या जाती झाल्या.

चाळकेवाडीचं दुसरं वैभव मात्र दिवसाउजेडी आणि अगदी उघड्यावर दिसतं. एप्रिल-मे महिन्यांत कोरड्या गवतातल्या एखाद्या दगडावर वीतभर लांबीचा मातकट सरडा येऊन बसतो. पुढचे पाय ताठ करून छाती उचलतो आणि गळ्याखालची घडी झटक्यात उघडतो. आत गडद चमकदार निळा, त्याला लागून काळा आणि मागच्या बाजूला भगवा. पंखा मिटतो, पुन्हा उघडतो. मादीला बोलावणं आणि शेजारच्या नराला इशारा, दोन्ही त्याच पंख्याने होतात. पंखा मिटला की समोर बसलेला सरडा पुन्हा गवतात दिसेनासा होतो.

गळ्याखाली पंखा असलेले भारतातले सरडे बरीच वर्षं सिटाना या एकाच वंशात गणले जात आणि त्यांतले बहुतेक तर पाँडिचेरीवरून नाव मिळालेल्या एकाच जातीत. २०१६ मध्ये व्ही. दीपक, प्रवीण कारंथ, सुशील दत्ता आणि वरद गिरी यांनी देहरचना आणि जनुकं तपासून त्यांची फोड केली. पाच नव्या जाती निघाल्या आणि एक नवा वंश. मोठ्या, झगझगीत पंख्यांच्या या वंशाला त्यांनी मराठीतलं नाव दिलं, ‘सरडा’. चाळकेवाडीचा तो सरडा सुपर्बा.

चाळकेवाडीच्या वाऱ्यावर पवनचक्क्याही आल्या. पठाराचा एक भाग पवनचक्क्यांचा आणि लगतचा तसाच भाग त्यांच्याविना, अशी तुलना करायला जागा आयती मिळाली. भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर यांनी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्यासह ती केली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते. सरडे मात्र संख्येने जास्त होते. वरवर पाहता सरड्यांचं बरंच झालं.

तपशील वेगळं सांगतो. पक्ष्यांचा धाक गेल्यामुळे या सरड्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी झालं होतं. माणूस बराच जवळ येईपर्यंत ते हलत नसत. पण गर्दी वाढल्याने खाण्यावर स्पर्धा वाढली होती आणि ते रोडावले होते. नरांच्या गळ्याचे निळे-भगवे रंगही फिके पडले होते. पवनचक्कीने एकाही सरड्याला हात लावला नव्हता. तिने पक्ष्यांना दूर ठेवलं आणि तेवढ्याने सरड्याची वागणूक, बांधा आणि रंग बदलले. मॉरिशसमध्ये ससाण्याच्या धाकाने पाली केवड्यात राहतात, इथे तो धाक नाहीसा झाला आणि पठारावरचं गणित वेगळं झालं. बेटाची घडण तिथे जे आहे त्याने होते, आणि तिथे कोण नाही यानेही होते.

कुंपण मोडलं की

मॉरिशसवर जे नव्हतं, ते माणसाने आणलं. सतराव्या शतकात जहाजांसोबत उंदीर, डुकरं, माकडं आली आणि डोडोसोबत तिथली एक अवाढव्य सापसुरळीही नाहीशी झाली. पण पालींच्या मुळावर उठली ती दुसरी पालच. हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटस ही दक्षिण-आग्नेय आशियातली घरपाल, आपल्याही ओळखीची. जहाजांतून, सामानातून ती उष्ण कटिबंधातल्या जवळपास प्रत्येक बंदरात पोहोचली. मॉरिशसच्या मूळच्या नॅक्टस वंशातल्या तीन लहान निशाचर पाली आता मुख्य बेटावर उरलेल्या नाहीत. आसपासच्या ज्या चिमुकल्या बेटांवर घरपाल पोहोचली नाही, तिथेच त्या तग धरून आहेत. घरपाल चांगल्या कपारी बळकावते आणि त्यांना खातेही. प्रशांत महासागरातल्या बेटांवर हीच पाल दिव्याभोवतीच्या किड्यांवर ताव मारते आणि नरांशिवाय वाढणारी ती लुगुब्रिस उपाशी मागे सरते, हे केनेथ पेट्रेन, डग्लस बोल्जर आणि टेड केस यांनी १९९३ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. लुगुब्रिसला बेटावर टिकायला नराची गरज नव्हती, पण विजेच्या दिव्याखालच्या या स्पर्धकापुढे ते कौशल्य कामाला आलं नाही.

आपल्या बागेतला सरडाही, कॅलोटिस व्हर्सिकलर, मॉरिशस आणि रियुनियनवर पोहोचला. उसाच्या बेण्यासोबत तो आला, असं मानतात.

मॉरिशसच्या उत्तरेला सुमारे २२ किलोमीटरांवर राउंड आयलंड आहे, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरांचं. उंदीर तिथे कधीच पोहोचला नाही, त्यामुळे मुख्य बेटावरून संपलेली टेलफेअरची सापसुरळी आणि गुंथरची मोठी पाल तिथे वाचली. शेळ्या आणि ससे मात्र एकोणिसाव्या शतकात सोडले गेले आणि त्यांनी झाडोरा इतका फस्त केला की मातीही वाहून गेली. १९७६ मध्ये प्राणिसंवर्धक जेराल्ड डरेल तिथे गेले आणि बेटाचा प्रश्न जगापुढे आला. १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे हटवले गेले, तेव्हा झाडोरा सावरू लागला. त्यानंतर टेलफेअरची सापसुरळी आणि गुंथरची पाल उंदीरमुक्त केलेल्या इतर छोट्या बेटांवरही नेण्यात आल्या. एकाच बेटावर सगळी भिस्त ठेवणं धोक्याचं, हे त्यामागचं साधं शहाणपण. वेळीच आणि नेटाने काम केलं, तर बेटाचं कुंपण पुन्हा उभारता येतं.

माळाचं काय

छत्रपती संभाजीनगरच्या आसपासची जमीन सातारच्या पठारांइतकी तुटक नाही. विद्यापीठामागच्या टेकड्या आणि औरंगाबाद लेण्यांपासून वेरूळ-खुलताबादच्या माथ्यापर्यंत आणि पुढे १९८६ पासून अभयारण्य असलेल्या गौताळा-औट्रमघाटापर्यंत खडकाळ माळ, काटेरी झुडपं आणि गवताचे पट्टे पसरले आहेत. गळ्याखाली पंखा असलेले सिटाना सरडे याच मुलखातले. दगडांच्या आडोशाने धावणारी सापसुरळी, सुगीनंतर शेताच्या बांधावर दिसणारी घोरपड, बोरी-बाभळींवर डोळे गरगरा फिरवत बसलेला सरडगुहिरा, ही सगळी इथली मंडळी. त्यांचा मुलूख मोठा असल्याने यांतली बहुतेक अजून संकटात नाहीत.

पण बेटं केवळ ज्वालामुखीच घडवतो असं नाही, ती माणूसही घडवतो. सलग माळ औद्योगिक वसाहती, रुंद रस्ते, खडी-मुरमाच्या खाणी आणि प्लॉटिंगने तुकड्या-तुकड्यांत वाटला गेला, की प्रत्येक तुकडा हे बेट होतं. मॅकआर्थर-विल्सनचा सिद्धान्त मग त्यालाही लागू होतो. तुकडा जितका लहान आणि दूर, तितक्या जाती कमी. उघड्या माळावरच्या सिटानाला चार पदरी डांबरी रस्ता ओलांडणं इग्वानाने समुद्र ओलांडण्याइतकंच अवघड जातं, आणि रस्त्यावर तरंगायला ओंडकाही मिळत नाही. शहराभोवतीच्या तुकड्यांवर भटकी कुत्री आणि मांजरं पोहोचतात, दिव्याखाली जगणाऱ्या घरपालीचा मुलूख वाढतो, तिसा-शिक्र्यासारखे शिकारी पक्षी हटतात. मॉरिशसला आणि चाळकेवाडीला जे घडलं, त्यातला प्रत्येक घटक इथे वेगवेगळा हजर आहे.

महसुली नोंदींत माळ बहुधा पडीक जमिनीत मोडतो. याच मनोवृत्तीतून झाडं लावायची मोहीम निघाली की उघडं गवताळ रान पहिल्यांदा खणलं जातं, आणि कोकणातल्या सड्यावर कलमांची आणि काजूची बाग उभी राहते. सावली वाढली म्हणून आपण खूश होतो. ज्या पालीला तापलेला कातळ हवा, जिला सुट्या दगडाखालची कोरडी फट हवी, तिचं घर त्या सावलीखाली जातं. घाटातल्या झाडीने त्या पालीला लाखो वर्षं अडवून धरलं होतं. आपण तीच झाडी तिच्या घरात नेऊन लावतो आणि त्याला निसर्गरक्षण म्हणतो.

म्हणून एखादं रान जपायचं ठरवलं, तर तिथे काय लावायचं हा प्रश्न दुसरा. तिथे मुळात कोण राहतं आणि ज्याच्या नसण्यामुळे ते तिथे टिकून आहेत असं काय आहे, हा प्रश्न पहिला. राउंड आयलंडवर त्याचं उत्तर उंदीर असं होतं, मॉरिशसच्या छोट्या बेटांवर घरपाल, आणि मराठवाड्याच्या माळावर बऱ्याच ठिकाणी दाट सावली. ते उत्तर आधी काढलं, तर खड्डे कुठे खणायचे आणि कुठे खणायचे नाहीत, हे आपोआप ठरतं.